दोन गाण्यांच्या मधली जागा

हल्ली मी गाण्याआधी काही बोलत नाही. वहीतला नंबर सांगतो, किती कडवी गायची ते सांगतो आणि गातो. गाणं संपलं की पुढचा नंबर. आमच्या मंडळीतले लोक एकमेकांत म्हणतात, आराधना अगदी कोरडी झाली. एकदोघांनी तोंडावरही सांगितलं, की ब्रदर, पूर्वी तुम्ही काय बोलायचा हो, अंगावर काटा यायचा. मी हो हो म्हणतो आणि माइकची वायर गुंडाळायला घेतो. त्यांना काय सांगू? सांगायचं ते एकदा सांगून झालंय, सगळ्यांसमोर, त्याच माइकवरून.

आमची मंडळी म्हणजे घंटा असलेलं दगडी चर्च नव्हे. नाशिकच्या इंदिरानगरात एक मंगल कार्यालय आहे, त्याचा वरचा हॉल रविवारी सकाळी आम्हाला मिळतो. शनिवारी तिथे कोणाचं तरी लग्न नाहीतर बारसं झालेलं असतं. आम्ही पोचतो तेव्हा कोपऱ्यात अक्षता सांडलेल्या असतात, स्टेजवर थर्माकोलचा मोर उभा असतो आणि मागच्या पडद्यावर नवरानवरीची नावं चमकत असतात. वर्शिप लीडरचं, म्हणजे आराधनेत गाणी चालवणाऱ्या माझं, पहिलं काम म्हणजे तो मोर उचलून जिन्यात ठेवणं. मग स्पीकर लावायचे, माइक तपासायचा, बायकोचा कीबोर्ड स्टँडवर चढवायचा. लोकांना दिसतं ते नंतरचं, डोळे मिटून हात वर केलेलं.

वर्शिप लीडर हा शब्द माझ्या वडिलांच्या वेळी नव्हता. ते मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात होते आणि रविवारी तिथल्या चर्चमध्ये पेटीवर बसायचे. त्यांना सगळे ‘गाणी सांगणारे’ म्हणत. वडील खरंच गाणी सांगायचे आणि तेवढंच करायचे. नंबर, कडवी, मग पेटीवर एक सूर. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, की बाबा, तुम्ही मधे काही बोलत का नाही, पाळकसाहेब बघा कसे बोलतात. ते म्हणाले होते, “बोलायला पाळक आहेत. आपण मधे तोंड घातलं की लोकांना वाटतं, हाही वरूनच आलेला निरोप.” मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटलं होतं. फार जुनाट माणूस, असंच वाटायचं मला त्यांच्याबद्दल.

मी जुनाट नव्हतो. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे, आठवडाभर नटबोल्ट मोजतो. पण रविवारी माइक हातात आला की मी वेगळाच माणूस व्हायचो. आता हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं. मोबाइलवर मोठमोठ्या सभांचे व्हिडिओ बघून बघून मी बोलणं शिकलो होतो. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, कुठे गळा भरून आणायचा, सगळं. ढोंग करत होतो असंही नाही. बोलता बोलता माझेच डोळे भरून यायचे. तेच तर वाईट.

आमच्या मंडळीत वर्शिप लीडरकडून बऱ्याच अपेक्षा असतात. त्यानं तंबाखू खाऊ नये, उसनवारी करू नये, वेळेवर यावं, गाणी उपदेशाच्या विषयाला धरून निवडावीत, स्वतःचा आवाज मिरवू नये. आणि शनिवारी बायकोशी भांडू नये, म्हणजे रविवारी मन शुद्ध राहतं. आता माझी बायकोच कीबोर्ड वाजवते आणि शनिवारीच आमची प्रॅक्टिस असते, तेव्हा भांडायचं ते आम्ही नेमकं शनिवारीच भांडायचो. मी पट्टी चढी घेतो, ती म्हणते बायकांना तिथे पोचता येत नाही. शेवटी ती म्हणते तेच व्हायचं. तिचा कान माझ्यापेक्षा दसपट चांगला आहे.

वीस वर्षांत आमच्या दोघांच्या खुणा ठरून गेल्या होत्या. मी बोलायला लागलो की तिचा डावा हात आपोआप एक सूर दाबून धरायचा, माझ्या बोलण्याखाली मऊ गादी घातल्यासारखा. आणि तिला काही अडचण आली, पान सापडत नसलं, पट्टी बदलायची असली, की ती उजव्या हाताचं बोट जात्यासारखं गोल फिरवायची. म्हणजे चालू ठेवा, वेळ काढा. घरात आम्ही त्याला दळण म्हणायचो. “आज तीनदा दळण दळायला लावलंस,” असं मी तिला घरी जाताना चिडवायचो. ती म्हणायची, तुम्हाला काय, गिरणी चालूच असते.

एका रविवारी असं झालं, की आदल्या दिवशी प्रॅक्टिसनंतर कीबोर्ड संडे स्कूलच्या बाईंनी नेला होता आणि कोणीतरी पट्टी बदलायचं बटण दाबून ठेवलं होतं. आम्ही न तपासता सुरू केलं. पहिलं गाणं दोन पट्ट्या वर चढलं. बेंबीच्या देठापासून ओरडून मी ते कसंबसं निभावलं. दुसऱ्या गाण्याच्या आधी बायको ते बटण नीट करायला गेली आणि भलतंच काहीतरी दाबलं. एकदम ढिंगचिक ताल सुरू झाला, लग्नाच्या बँडसारखा. दोनतीन पोरी हसल्या. तिनं तो बंद केला, डाव्या हातानं एक सूर धरला, उजव्या हातानं माझ्याकडे बोट गोल फिरवलं आणि परत त्या बटणांवर वाकली.

मग काय, गिरणी सुरू. मी डोळे मिटले, आवाज खाली आणला आणि बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “आज इथे एक बहीण बसली आहे. कितीतरी वर्षं ती एक आजार घेऊन फिरते आहे. डॉक्टरांनी तिला सांगितलंय, जन्मभर गोळ्या. पण प्रभू आज तिला म्हणतो आहे, मुली, आजपासून तू मोकळी आहेस.”

अहो, शंभरसव्वाशे माणसांत जन्मभराच्या गोळ्या असलेली एक बाई नसेल कशी? बीपी, शुगर, थायरॉइड, घरोघरी हेच. अंधारात मारलेला दगड होता तो, कुठे ना कुठे लागणारच. बायकोला बटण सापडलं, सूर जागेवर आला, मी लगेच गाणं उचललं. त्या दिवशी गाणं फार छान झालं. परत जाताना आम्ही मिसळ खाल्ली आणि बायको रश्श्याची वाटी पुढे सरकवत म्हणाली, आज तर तुम्ही अगदी संदेष्टेच झालात. मी हसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे साक्षी असतात. ज्याला देवाचे उपकार सांगायचे त्यानं पुढे येऊन सांगायचे. त्या महिन्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. मी तिला तोंडओळखीनं ओळखत होतो. मूळची पेठकडची, डोंगरातली. इंदिरानगरात तीन घरी स्वयंपाक करायची आणि नवरा पाथर्डी फाट्याकडे एका इमारतीचा वॉचमन. मूलबाळ नव्हतं. आराधना संपली की नवरा न सांगता सगळ्या खुर्च्या उचलून रचायचा, ती झाडू मारायची आणि दोघं बसनं निघून जायची. मंडळीत कोणाच्या अध्यात ना मध्यात.

ती माइकसमोर आली. तिनं सांगितलं की लहानपणापासून तिला फिट यायची. गावाकडे बाहेरचं काही म्हणून लय उपाय केले, मार पण खाल्ला. नाशिकला आल्यावर सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबली, पण डॉक्टर म्हणाले जन्मभर घ्यायच्या. गोळ्यांनी डोकं जड राहायचं. एका घरी मिठाचा अंदाज दोनदा चुकला तर त्या बाईनं काम सोडायला सांगितलं. आणि मग त्या रविवारी भाऊ बोलले. भाऊ म्हणजे मी. तिनं घरी जाऊन गोळ्या बंद केल्या आणि आज तीन आठवडे झाले, एकदा पण फिट नाय, डोकं हलकं हलकं.

एवढं बोलून तिनं पदराखालून एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिला वर गाठ मारलेली होती आणि आतल्या पाकिटांवरची नावं बाहेरून वाचता येत होती. उरलेल्या गोळ्या. ती माझ्या हातात देऊन म्हणाली, ह्या आता देवाच्या.

मी ती घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. कोणी सांगितलं होतं वर धरायला? हॉलभर टाळ्या पडल्या, हालेलुयाचा गजर झाला, पास्टर साहेबांनी डोळे पुसले. मी बायकोकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती कीबोर्डकडे बघत बसली होती. सूर धरायला विसरली होती.

घरी आल्यावर चपला काढता काढता बायको म्हणाली, “तो बटणाचा घोळ होता. तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे.” मी पिशवी कीबोर्डच्या कव्हरच्या खिशात ठेवली आणि पंख्याखाली बसलो. मी तिला म्हणालो, अगं पण फिट आलेली नाही ना. ती म्हणाली, जाऊन सांगा तिला, आजच्या आज.

मी गेलो नाही. दोन दिवस मला चक्क असं वाटत होतं, की कोण जाणे, बोललाही असेल देव माझ्या तोंडून. बायकोनं बोट फिरवलं हे निमित्त, तीन आठवडे फिट आली नाही हे तर खरं. कारखान्यात नटबोल्ट मोजता मोजता मी मनात मोठा माणूस झालो होतो. दोन दिवस का होईना, मी हे चाखलं, हे मला लपवायचं नाही. तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याला गोळीच्या पाकिटाचा फोटो दाखवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ही एकदम बंद केली तर काय होतं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, एकदम कधीच बंद करायची नसते. कोणाकोणाला महिनाभर काही होत नाही, माणसाला वाटतं बरं झालं, आणि मग येते ती कधीकधी थांबतच नाही. तुमच्या घरात कोण आहे? मी म्हणालो, ओळखीतलं आहे.

तिथून तडक पास्टर साहेबांकडे गेलो. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि माणूस म्हणून लाखात एक. माझे वडील गेले तेव्हा तीन दिवस ते माझ्याजवळून हलले नव्हते. त्यांना मी सगळं सांगितलं, बटण, दळण, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू मुद्दाम खोटं बोललास का? नाही ना? मग देवानं तुझा उपयोग करून घेतला नाही, हे ठरवणारा तू कोण?” मेडिकलवाल्याचं सांगितलं तेव्हा मात्र ते जरा चपापले. म्हणाले, येत्या रविवारी कापणीचा सण आहे, बाहेरच्या मंडळ्यांचे पाहुणे यायचेत, तो एकदा पार पडू दे. मग आपण दोघं तिला डॉक्टरकडे घेऊन जाऊ, गाजावाजा न करता. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्या लोकांचा विश्वास तिच्या साक्षीनं वाढलाय, तो एका फटक्यात मोडायचा का?

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, सणाला चार दिवस आहेत. तुम्ही जाताय की मी जाऊ?

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर गेलो, पिशवी खिशात घालून. इमारतीच्या पार्किंगच्या मागे त्यांची खोली होती. ती भाकरी थापत होती. मला बघून तिला कुठे ठेवू अन् कुठे नको झालं. नवऱ्यानं खुर्ची पुसली. चहा झाला, पेठकडच्या पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, पुढच्या रविवारच्या गाण्यांच्या झाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालणार? शेवटी बोललो. ताई, त्या दिवशी मला कोणाचाही आवाज आला नव्हता. कीबोर्डचं बटण सापडत नव्हतं, म्हणून मी मधला वेळ भरून काढत होतो. ही घ्या तुमची पिशवी आणि आजपासून गोळ्या सुरू करा, नाहीतर जिवावर बेतेल.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, “भाऊ, पवित्र शास्त्रात देव गाढवाच्या तोंडून पण बोलला हाय. गाढवाला कुठं ठावं होतं?”

मला हसावं का रडावं कळेना. तिला माझा अपमान करायचा नव्हता. ती मला धीर देत होती, की तुम्हाला कळलं नसलं तरी काम झालंय. मी परत परत सांगितलं. नवरा दारात उभा होता, तोही म्हणाला, अगं, भाऊ सांगतात ते ऐक. तेव्हा ती पहिल्यांदा गोंधळली. हात धुतले, पदराला पुसले आणि खाली बसली. मग म्हणाली, “तुम्ही माइकवर बोलले होते, सगळ्या मंडळीसमोर. इथं घरात येऊन बोलता ते मी कशी धरू? चुकलं आसंल तर माइकवरच सांगा. मी लगेच गोळी घेते.”

पिशवी तिनं परत घेतली नाही. देवाला दिलेली हाय, म्हणाली, तुमच्यापाशीच राहू द्या. नवरा गेटपर्यंत सोडायला आला आणि एवढंच बोलला, की रविवारी सांगा भाऊ, ती माझं नाय ऐकत.

म्हणजे काम किती सोपं होतं बघा. दोन वाक्यं बोलायची होती, ज्या जागी आधीची बोललो होतो त्याच जागी. बायको म्हणाली, दुसऱ्या गाण्याआधी मी सूर धरणार नाही, तुम्ही सरळ सांगून टाका. ठरलं.

कापणीच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या हातचं काहीतरी आणतो आणि स्टेजपुढे मांडतो. पाहुणे देवळा गावाकडून कांद्याच्या माळा घेऊन आले होते. कोणी द्राक्षांची पेटी आणली होती, कोणी उसाची मोळी, कोणी घरच्या लोणच्याची बरणी. त्या बाईनं गावाकडची नागली आणली होती, धुतलेल्या पिशवीत भरून. हॉल खचाखच भरला होता, मागे लोक उभे होते. ती तिसऱ्या रांगेत होती, नवीन साडी, मांडीवर पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरलेली. तिची नजर माझ्यावरच होती.

पहिलं गाणं संपलं. बायकोनं दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. हॉलमध्ये सगळं चिडीचूप झालं. आता बोलायचं होतं. पहिल्या रांगेत पाहुणे पाळक, त्यांच्या शेजारी आमचे पास्टर साहेब. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, नाही अशी. तेवढंच. मला कोणी तोंडावर हात ठेवून अडवलं नव्हतं. मी माइक ओठांजवळ नेला आणि म्हणालो, “चला, सगळे उभे राहू या.” आणि दुसरं गाणं सुरू केलं. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ते हेच. फक्त मी गप्प बसलो नाही, गायलो. बायकोला गाण्यात शिरायला दोन ओळी लागल्या.

गाता गाता एकदा तिसऱ्या रांगेत त्या बाईकडे बघितलं. तीही उभी राहिली होती आणि बाकीच्यांबरोबर गात होती. मला वाटलं, चला, तिचं समाधान झालं. सणानंतर डॉक्टरकडे न्यायचंच आहे.

बुधवारी सकाळी कारखान्यात असताना नवऱ्याचा फोन आला. पहाटेपासून एकामागून एक फिट, थांबेचना, दवाखान्यात आणलंय. मग म्हणाला, “भाऊ, गोळ्यांची पिशवी तुमच्याकडं हाय ना? डॉक्टर विचारतात कोणती गोळी होती. मला नाव वाचता येत नाय.” मी बायकोला फोन करून पाकिटावरचं नाव वाचून घेतलं, त्याला सांगितलं आणि गेट पासवर सही न करताच निघालो. घरून पिशवी घेतली आणि दवाखान्यात पोचलो. तोवर तिला आत नेलं होतं. एका नर्सनं पिशवी घेतली, गाठ सुटेना म्हणून कात्रीनं कापली आणि आत निघून गेली. मी आणि नवरा बाकावर बसलो. पास्टर साहेब आले, प्रार्थना केली. शुक्रवारी दुपारी ती गेली.

मातीला सगळी मंडळी आली. गाणी मीच सांगितली, दुसरं कोण सांगणार? परतताना माझ्या पुढे दोन बायका चालल्या होत्या. एक म्हणत होती, विश्वास कमी पडला असेल गं बिचारीचा, नाहीतर देवाचा शब्द कधी खाली पडत नाही. दुसरी हूं म्हणाली. मी तिथेच थांबलो. चपलेत खडा गेल्याचं नाटक करून खाली बसलो. तिच्या जिवाबरोबर आता तिचा विश्वासही माझ्याच पायी जाणार होता, आणि ह्यांना ते अगदी रास्त वाटत होतं.

मातीनंतरच्या रविवारी पहिलं गाणं संपल्यावर मी बोललो. बायकोला काही सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर परत धीर सुटला असता. मी म्हणालो, त्या दिवशी मला देवाचा कोणताही आवाज आला नव्हता. बटण सापडत नव्हतं म्हणून मी वेळ काढत होतो. माझ्या बोलण्यावरून त्या ताईंनी गोळ्या सोडल्या. सांगा म्हणून त्यांनी मला विनवलं आणि कापणीच्या सणाला मी भ्यालो. त्यांचा विश्वास तिळभर कमी पडला नाही. मी गप्प राहिलो म्हणून त्या गेल्या.

पण वीस वर्षांची सवय. मी बोलायला लागलो तसा बायकोच्या डाव्या हातानं सूर धरला होता. तिच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्या एकेका वाक्याखाली तो सूर मऊ मऊ वाहत होता. मी काय बोलतोय ते कळलं तेव्हा तिनं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत मागून कोणीतरी भरल्या गळ्यानं आमेन म्हणालं. मग दुसरं. मग सगळा हॉल. लोकांचे डोळे मिटलेले होते, हात वर गेले होते, बायका मुसमुसत होत्या. मी ओरडून म्हणालो, अहो, ही प्रार्थना नाही, मी खरंच सांगतोय. त्यावर आणखी मोठ्यानं आमेन. पास्टर साहेब वर आले, मला मिठी मारली, माइक घेतला आणि म्हणाले की आपल्या भावानं आज स्वतःला किती नम्र केलंय ते बघा, आपणही आपापली पापं आठवू या. पंधरावीस लोक रडत पुढे आले. वरातीमागून घोडं म्हणतात. इथे लोकांनी त्या घोड्यालाही हार घातले.

मला वर्शिप सोडायची होती. पास्टर साहेबांनी सोडू दिली नाही. असा पश्चात्ताप करणारा माणूसच या जागी हवा, म्हणाले. तेव्हापासून मी नंबर सांगतो, कडवी सांगतो आणि गातो. देवाशी काही बोलावं असं वाटत नाही. बोललो तरी कोण ऐकणार, आणि ऐकलं तरी ते मी म्हटलेलंच ऐकेल कशावरून? बायको आता शनिवारी भांडतही नाही. मी म्हणेन ती पट्टी लावते.

त्या दिवशी हॉल रिकामा झाल्यावर मी वायर गुंडाळत होतो. बाईचा नवरा नेहमीसारखा खुर्च्या एकात एक रचत होता. त्या सगळ्या हॉलात आमेन न म्हटलेला तो एकटा असावा. खुर्च्या रचत रचत तो तिसऱ्या रांगेपर्यंत आला आणि थांबला.

“भाऊ, एक विचारायचं होतं. कापणीच्या सणाला माइक चालू होता ना?”

मी म्हणालो, चालू होता.

त्यानं मान हलवली. एक खुर्ची उचलली, ढिगावर ठेवली, परत माझ्याकडे वळला.

“नाय, म्हटलं बिघडला आसंल. ती मुद्दाम पाण्याची बाटली भरून घेऊन आली होती. म्हणली, भाऊ बोलले की पिशवी मागून घेते आन् तिथंच गोळी घेते.”

मग त्यानं उरलेली रांग उचलली, आणि तिच्या वाटणीचा झाडूही मारला.